यवतेश्वरचा घाट, सहा महिन्यांच्या गोळ्या आणि पुन्हा पळायला लागणं

पायवाट_सातारा | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी सातारची. वय ४३. पतसंस्थेत नोकरी, घरी दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पस्तिशीत पळायला लागले ते घरातून तासभर बाहेर पडायला मिळावं म्हणून. पहाटे साडेपाचला राजवाड्यावरून समर्थ मंदिर, पुढे यवतेश्वरचा घाट. आधी चालत, मग पळत. आपल्याकडची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून सुरू आहे, त्यात मी पाच वेळा पळाले. २१ किलोमीटर, जाताना चढ, येताना उतार. माझी सगळ्यात चांगली वेळ २ तास ११ मिनिटं. आमच्या ग्रुपात हा काही मोठा आकडा नव्हे, पण माझ्यासाठी तो फार मोलाचा होता.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये खोकला लागला. पावसाळ्यात साताऱ्यात कुणाला खोकला नसतो? संध्याकाळी अंगात कणकण यायची, ती कामाच्या दगदगीवर ढकलली. एका डॉक्टरांनी सहा आठवडे खोकल्याची औषधं बदलून बदलून दिली. थुंकी तपासायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्या अवस्थेत मी सप्टेंबरची शर्यत पळाले. घाटात दोनदा थांबून खोकले, तरी पळाले, आणि पूर्ण केली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रुपवर फोटो आला, खाली लिहिलं होतं, ‘याला म्हणतात जिद्द’.

ऑक्टोबरच्या शेवटी निदान झालं, फुप्फुसाचा टीबी. वजन ५४ वरून ४५ वर आलेलं. नोव्हेंबरपासून गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी घाबरून रडले. ते औषधामुळे होतं हे नंतर कळलं. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, साडेपाच-सहाच्या सुमाराला. म्हणजे ज्या वेळी मी बुटांच्या नाड्या बांधायचे त्याच वेळी ओट्याशी उभी राहून एकेक गोळी गिळायची. बूट यजमानांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवले. डोळ्यांसमोर नकोत, म्हणाले.

मे महिन्यात कोर्स संपला. थुंकी स्वच्छ, वजन ५० वर. मागच्या रविवारी मी माळ्यावरून बूट काढले आणि घाटात गेले. दुसऱ्या वळणाला थांबले. छाती भरून आली म्हणून नव्हे, हवा आत जातच नव्हती. कठड्यावर बसले. शेजारून ग्रुपमधली मुलं हात हलवत वर गेली. खाली सातारा उजाडत होता, समोर अजिंक्यतारा, आणि मी तिथे बसून किलोमीटरचा दगड बघत होते. त्यावर कावळा बसला होता. तो उडून गेला तरी मी उठले नाही.

सगळे म्हणतात, ‘तू जिद्दी आहेस, परत येशील.’ मला भीती वाटते ती या शब्दाचीच. त्याच जिद्दीने मी अंगात ताप असताना २१ किलोमीटर पळाले आणि आजार वाढवून घेतला. दोन महिने घरात खोकत राहिले, मुलांना तपासण्यांना न्यावं लागलं. (दोघंही ठीक आहेत. त्यांनाही प्रतिबंधक गोळ्या दिल्या.)

विचारायचं एवढंच. आजारातून, दुखापतीतून, घरच्या संकटातून ज्यांनी खेळ पुन्हा धरला, त्यांनी नेमकं काय धरलं आणि काय सोडलं? कसं ठरवलं?

कास_पठार_वेडी | १२ जून, रात्री १०.१५

ताई, आधी एक घट्ट मिठी. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

माणदेशी_मुलूख | १२ जून, रात्री १०.५२

पायवाटताई, मन खंबीर असलं की शरीर मागून येतंच. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर डोळ्यांसमोर ठेवा. दुष्काळी मुलूख, घरी शेती, आणि त्यातून ती मुलगी २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत गेली. पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तिने हार मानली असती तर? तुम्हीही मानू नका. सप्टेंबरची नावनोंदणी करून टाका, पुढचं पुढे!

स्टेथोस्कोप_मिरज | १३ जून, सकाळी ७.०५

माणदेशी, तुमचा हेतू चांगला आहे, पण नावनोंदणीची घाई नको. मी छातीविकाराचा डॉक्टर. इथे कुणावर उपचार करत नाही, फक्त माहिती देतो. ताईंनी निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

टीबी बरा होणं आणि फुप्फुस पूर्ववत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा महिन्यांच्या औषधांनी (पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन) जंतू मरतात. पण जिथे जखम झाली तिथे व्रण राहतो. कपडा रफू केल्यावर तेवढी जागा ताणली जात नाही, तसं समजा. काहींच्या बाबतीत श्वासनलिका थोड्या रुंदावतात, काहींच्या अरुंद राहतात. हे क्ष-किरणात नेहमी नीट कळत नाही, म्हणून स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात फुंकायची चाचणी असते, पंधरा-वीस मिनिटांत होते. सोबत सहा मिनिटं चालण्याची चाचणी. चालण्याआधी आणि चालून झाल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावतात. चालताना ऑक्सिजन लक्षणीय उतरत असेल तर घाट सध्या नाही. हिमोग्लोबिनही बघा. नऊ किलो वजन गेलं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही गेला. तो फक्त पळून परत येत नाही, त्याला प्रथिनं आणि विश्रांती लागते. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, जे घरात चालतं ते.

व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर, तुटक शब्द निघत असतील तर जास्त. खोकल्यातून रक्त, पुन्हा संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. औषधं संपल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. लोक पहिल्या तपासणीनंतर येत नाहीत, तुम्ही जा.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार सुरू असताना पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १००० रुपये झाले. ते हक्काचे आहेत, घ्यायला लाजू नका.

पायवाट_सातारा | १३ जून, रात्री ८.२०

डॉक्टर, रफूचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं. स्पायरोमेट्रीची वेळ घेतली आहे.

लाजण्यावरून आठवलं ते सांगते. ऑफिसात माझा चहाचा कप वेगळा झाला. कुणी बोललं नाही, पण शिपायाने एक दिवस माझा कप खिडकीत उपडा घालून ठेवला आणि नंतर तो तिथेच राहिला. उपचार सुरू होऊन तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी मला केव्हाच ‘आता तुमच्यामुळे कुणाला धोका नाही’ असं सांगितलं होतं. आजाराने जेवढं खचवलं नाही तेवढं त्या कपाने खचवलं. मी धुऊन तो घरी आणला. आता त्यात तुळस लावली आहे.

लाल_माती_सांगली | १४ जून, रात्री ११.३०

ताई, मी लिहिणारा माणूस नव्हं. चुकलं तर पोटात घाला. पण तुमचं वाचलं आणि झोप लागंना.

मी पैलवान होतो. सांगलीजवळच्या गावचा. हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान आमच्यापासून फार लांब नाही. त्यांनी १९६२ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, त्या गोष्टी ऐकत आमच्या पिढ्या तालमीत मोठ्या झाल्या. मी दहाव्या वर्षी लंगोट लावला. पहाटे साडेतीनला उठायचं, जोर, बैठका, मग मातीत मेहनत. घरी दोन म्हशी होत्या, त्यातल्या एकीचं दूध माझं. बहिणींनी चहासुद्धा काळा प्याला. ते आता आठवलं की घास उतरत नाही.

तेविसाव्या वर्षी एका जत्रेत कुस्ती लागली. मोठी जोड, इनामही मोठं. समोरच्यानं टांग मारली, माझा पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं. गुडघ्यात काडी मोडल्यासारखा आवाज आला. तो मला ऐकू आला, पंचालाही आला. एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसानं गुडघा ओढून, चोळून बसवला, पाला बांधला. दीड महिन्यात मी परत उतरलो, परत तेच. जिद्द, ताई. तुमच्यासारखीच. आपरेशन झालं तेव्हा तीन वर्षं गेली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतास तर गोष्ट वेगळी होती.

कुस्ती गेली पण खुराक काही गेला नाही. हे कुणी सांगत नाही. मेहनत बंद, आणि तूप, दूध, बदाम चालूच, कारण त्याशिवाय आपण पैलवान कसले? वजन ११८ झालं. एकतिसाव्या वर्षी साखर निघाली. मी तालमीच्या रस्त्यानं जायचं सोडलं. बाजाराला जायचं तर लांबच्या वाटेनं जायचो, मातीचा वास नको म्हणून.

मग २०१९ चा पूर आला. कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती, तुम्ही बातम्यांत बघितलं असंल. आमच्या तालमीत छताच्या खाली हातभर जागा सोडून पाणी होतं. पाणी उतरल्यावर वस्तादांचा निरोप आला, ‘हौद भरून गेलाय गाळानं, माणसं कमी पडत्यात.’ नाही म्हणता येईना.

आठ दिवस आम्ही घमेल्यानं गाळ काढला. काळा, चिकट, मेलेल्या माशांचा वास. सगळी माती गेली, पन्नास वर्षांची मुरलेली. नवी तांबडी माती आणली. ती चाळायची, खडा राहिला तर पोरांची पाठ सोलते. माझा गुडघा वाकत नाही, म्हणून मला खुर्ची दिली आणि चाळण हातात दिली. बसून माती चाळत होतो. मग त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा आणि मळायची, दिवसांमागून दिवस. चाळता चाळता दोन पोरं नुसतीच एकमेकांना धरत होती, एकाचा हात चुकीच्या जागी होता. मी खुर्चीवरनंच म्हणालो, ‘कोपर आत घे.’ त्यानं घेतलं. दुसरा आडवा झाला. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.

त्या दिवसापासनं मी रोज जातो. खुर्चीवर बसून शिकवतो. साखर आटोक्यात आहे, वजन ९२. खडाखडी करायला अजून हात शिवशिवतात, करत नाही. गेल्या वर्षी त्याच पोरानं जिल्ह्याला पदक आणलं.

तुम्ही विचारलं काय धरलं, काय सोडलं. मी लढत सोडली. माती धरली. सोडायला मला आठ वर्षं लागली, तुम्ही एवढी लावू नका.

कास_पठार_वेडी | १५ जून, सकाळी ६.१०

लाल_माती, तुम्ही म्हणता लिहिणारा माणूस नाही! मी हे वाचून नवऱ्याला उठवलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

आटपाडीकर | १५ जून, सकाळी ९.४५

करगणीच्या सचिन खिलारीचं नाव इथे यायलाच हवं, आमच्या आटपाडी तालुक्याचा आहे. शाळेत असताना सायकलवरून पडला, डाव्या कोपराला मार बसला, जखम चिघळली, हात कायमचा अधू झाला. इंजिनिअर झाला, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवलं. आधी भाला फेकायचा. खांदा दुखावला म्हणून गोळाफेकीकडे वळला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर फेकून रौप्य. सुवर्णवाल्याची फेक १६.३८, म्हणजे फरक सहा सेंटिमीटरचा, आपल्या बोटाएवढा.

लाल_माती म्हणतात तीच गोष्ट इथेही आहे. तो भाल्यालाच चिकटून बसला असता तर खांदाही गेला असता आणि गोळाही हातात आला नसता.

पेठ_नाका | १५ जून, दुपारी १.३०

आटपाडीकरांना जोडून लिहितो. आमच्या पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. ज्याच्या पायांवर सगळा खेळ, तो बॉक्सर आता उभा राहू शकत नाही. रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि तिथे पोहणं हाती लागलं. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधली ४६ वर्षं मोजा. आमच्या लहानपणी गावातल्या पोरांनासुद्धा ते नीट माहीत नव्हते, आणि याची मला अजून बोच आहे.

फळा_आणि_शिट्टी | १५ जून, रात्री ९.००

मी खेळाचा शिक्षक. जत आणि माण अशा दोन्ही भागांत नोकरी केली, २६ वर्षं झाली. धागा सुंदर चालला आहे, पण एक गोष्ट मनापासून खटकते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपण या सगळ्या गोष्टी सांगताना गरिबीचं आणि दुखण्याचं कौतुक करायला लागतो. ‘दुष्काळातून उठली, पत्र्याच्या घरातून आली.’ माझ्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींत ललिता बाबरसारखं अंग असलेल्या निदान चार मुली होत्या. एकीचं दहावीनंतर लग्न झालं. एक ऊसतोडीला आईबापांबरोबर जायची, दिवाळी ते होळी शाळेत नसायची. तिचा सराव कसा व्हायचा? एकीच्या रक्तात हिमोग्लोबिन सात होतं. ती पळता पळता चक्कर येऊन पडायची आणि आम्ही तिला ‘मन घट्ट कर’ म्हणायचो. ते ‘आम्ही’ म्हणजे मीच. माझ्या मनावर त्याचं ओझं आहे. तिला लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण हवं होतं.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सातारकर अभिमानाने सांगतो. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर, १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडात १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण ते हेलसिंकीला पोचले कसे? गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते कर्ज फेडलं. म्हणजे पदक जिंकलेल्या माणसाने पहिलं काम केलं ते देणं भागवायचं! पुढे पोलिसात नोकरी, १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

त्यांच्या अंगात बळ होतंच, त्यात शंका नाही. पण त्या बळाखाली कुणाचं तरी गहाण पडलेलं घर होतं, कुणाच्या तरी बहिणींचा काळा चहा होता. लाल_माती यांनी ते एका ओळीत लिहिलं आणि मी तिथेच थांबलो. पायवाटताई, तुमच्या सासूबाईंचं कोण करतंय तुम्ही घाटात असता तेव्हा? हे वाईट हेतूने विचारत नाही. ज्याने केलं त्याचा तुमच्या परतण्यात वाटा आहे, म्हणून विचारतो.

माणदेशी_मुलूख | १५ जून, रात्री १०.४०

सर, तुमचं वाचून गप्प झालो. मी वर ‘मन खंबीर असलं की’ असं लिहिलं ते घाईचं होतं. माझी स्वतःची चुलत बहीण पळायची, शाळेत पहिली यायची. तिचंही असंच सुटलं. तिच्याशी आज फोनवर बोललो. म्हणाली, ‘दादा, आता कशाला काढलास तो विषय.’ मग बराच वेळ बोलत राहिली.

एक मात्र सांगतो. ललिताताईंच्याही गोष्टीत बदल आहेच. त्या आधी मॅरेथॉन पळायच्या, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिल्या आल्या. मग स्टीपलचेसकडे वळल्या. पाण्याचा खड्डा आणि अडथळे ओलांडायचं नव्याने शिकल्या. पुढे प्रशासकीय सेवेत गेल्या. त्यांचा विक्रमही २०२३ मध्ये पारुल चौधरीने मोडला, आणि तो मोडला गेला म्हणून त्यांचं रिओ काही पुसलं गेलं नाही.

विश्रामबाग_नाईट_वॉचमन | १६ जून, दुपारी ४.१५

सांगलीकर म्हणून दोन नावं. स्मृती मानधना: जानेवारी २०१७ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, शस्त्रक्रिया झाली. पाच महिन्यांनी विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध ९० धावा. पण त्या पाच महिन्यांत रोज फिजिओ, रोज जिम होतं. ती सोय प्रत्येकाला मिळत नाही, सरांचा मुद्दा इथेही लागू आहे.

दुसरं नाव संकेत सरगर. घरची पानटपरी. २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, वेटलिफ्टिंग, ५५ किलो गट, एकूण २४८ किलो. दुसऱ्या प्रयत्नात उजवं कोपर निखळलं, तशाच हाताने तिसऱ्यालाही उभा राहिला. सुवर्ण एका किलोने गेलं. मी तो सामना टीव्हीवर बघितला. तेव्हा वाटलं होतं, काय हिंमत! आज हा धागा वाचून वाटतं, त्या वेळी त्याला कुणीतरी ‘बस, झालं’ म्हणायला हवं होतं का? मला उत्तर सापडत नाही. पदकाच्या क्षणी २१ वर्षांचा मुलगा ऐकेल असंही वाटत नाही.

लाल_माती_सांगली | १६ जून, रात्री १०.०५

नाही ऐकत भाऊ. मी ऐकलं नव्हतं. वस्तादांनी लंगोट धरून बाहेर ओढलं असतं तरच थांबलो असतो.

पायवाट_सातारा | २९ जून, रात्री ९.१०

मधे लिहायला जमलं नाही. तुमचं सगळं दोन-दोनदा वाचलं आहे.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी घाटात असते तेव्हा सासूबाईंचं माझी मोठी जाऊ बघते. शेजारच्याच घरात राहते, पहाटे येऊन त्यांची कूस बदलते, त्यांना चहा देते. आठ वर्षं. शर्यतीच्या एकाही फोटोत ती नाही. मी आजारी पडल्यावर तिने सहा महिने दोन्ही घरांचा स्वयंपाक केला, आणि माझं ताट वेगळं काढलं नाही. तुम्ही विचारेपर्यंत हे मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. परवा तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘बरं बरं, भाजी बघ, लागेल खाली.’

स्पायरोमेट्री झाली. फुप्फुसाची ताकद माझ्या वयाच्या मानाने अपेक्षेच्या ७१ टक्के निघाली. डॉक्टर म्हणाले, थोडी वाढेल, पूर्ण भरून येईल असं धरून चालू नका. चालायच्या चाचणीत ऑक्सिजन ९७ वरून ९५ झाला, म्हणजे चालायला हरकत नाही. आकडा ऐकून मी बाहेर येऊन बाकावर बसले. रफू केलेली जागा ताणत नाही हे आता कागदावर होतं. पण त्या दिवशी रडले नाही. २ तास ११ मिनिटं हा आकडा मी एका वहीत लिहून ठेवला होता. ती वही काढली आणि पुढच्या पानावर ७१ लिहिलं. दोन्ही माझेच.

सप्टेंबरची शर्यत यंदा पळणार नाही. माणदेशी, नावनोंदणी केली नाही, रागावू नका. आमच्या ग्रुपला विचारून मी घाटातल्या पाण्याच्या टेबलावर उभी राहणार आहे, दुसऱ्या वळणावर, जिथे मी बसले होते तिथेच. आणि अजून एक बोलले आहे. शर्यतीआधी पळणाऱ्यांना जी सूचना जाते तिच्यात ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासा’ ही ओळ असावी. ग्रुपमधल्यांनी लगेच होकार दिला, आयोजकांपर्यंत पोचवतो म्हणाले. बघू.

सध्या असं चाललं आहे. आठवड्यातून चार दिवस चालते. सोबत एक नवी मुलगी येते. ती नुकतीच बाळंतपणातून उठली आहे, तिलाही दम लागतो. डॉक्टरांनी सांगितलं तसं बोलत बोलत चढतो. ती मला बाळाचं सांगते, मी तिला सासूबाईंचं. वाक्य तुटायला लागलं की दोघी थांबतो. पहिल्या आठवड्यात पहिल्या वळणावर थांबत होतो. काल दुसऱ्या वळणावर पोचलो तेव्हा ती तिच्या नणंदेची लांबलचक गोष्ट सांगत होती, आणि तिने ती पूर्ण केली. मधे एकदाही थांबली नाही. मग आम्ही कठड्यावर टेकलो. खाली धुकं होतं, सातारा दिसत नव्हता, फक्त कुठूनतरी दूधवाल्याचा हॉर्न येत होता.

फळा_आणि_शिट्टी | २९ जून, रात्री १०.००

ताई, ती खोकल्याची ओळ मी माझ्या शाळेच्या फलकावर उद्याच लिहितो. हिमोग्लोबिनचीही.

स्टेथोस्कोप_मिरज | ३० जून, सकाळी ६.५०

नोव्हेंबरची तपासणी विसरू नका. तारीख आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लाल_माती_सांगली | ३० जून, रात्री ११.१५

ताई, सप्टेंबरात मी पोरांना घेऊन साताऱ्याला येतो. पळायचं नाही आम्हाला. तुमच्या पाण्याच्या टेबलावर ग्लास भरायला माणसं लागतील ना? माझी खुर्ची मीच आणतो.

पायवाट_सातारा | १ जुलै, पहाटे ५.०५

या दादा, नक्की या. सकाळी सहाच्या आत पोचा, नंतर घाट बंद करतात. जाऊबाईंना सांगितलं आहे, जेवायला सगळे आमच्याकडे.

डॉक्टर, लिहिली तारीख. निघते आता, ती मुलगी समर्थ मंदिरापाशी थांबली असेल.